कातळावरच्या तळ्यात चुना कधी टाकायचा? (मासे गेल्यावर पडलेले प्रश्न)

कातळकोपरा
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात कातळावर आमचं शेततळं आहे. पाणपसारा साधारण १० गुंठे. जांभ्यात पाणी टिकत नाही म्हणून प्लास्टिकचं अस्तर घातलंय. गेल्या ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगळ मिळून ८०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती. मे अखेरीस मासा पाऊण किलोच्या आसपास आला. रोज ८ किलो खाद्य जात होतं. पाणी गर्द हिरवं झालं होतं आणि मला ते चांगलं लक्षण वाटत होतं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. कटला वर दिसतो एरवीही, पण तळाशी राहणारा मृगळसुद्धा वर. पट्टी बुडवून सामू (pH) बघितला तर ६.५. खाद्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पावसानं पाणी आंबट झालंय, चुना मारा." घरी ५० किलो कळीचा चुना होता. अकराच्या सुमाराला वडील आणि मी तो पाण्यात कालवून तळ्यावर चहूकडून फेकला.

दुपारी तीनला मासे गोल गोल फिरायला लागले. उडी मारून काठावर पडत होते. अंगावरची बुळबुळ सुटून पाण्यात तंतू तरंगत होते. रात्रीपर्यंत १९० मासे काढले, दुसऱ्या दिवशी आणखी ६०. वडील दोन दिवस तळ्याकडे फिरकले नाहीत.

मला एवढंच समजून घ्यायचंय. पाणी आंबट होतं, चुन्यानं आंबटपणा जातो, मग मासे का मेले?

सुपारीबाग
वाचून फार वाईट वाटलं. दहा महिन्यांची मेहनत होती. दोन गोष्टी सांगाल का? आधीच्या दिवसांत दुपारी कधी सामू घेतला होतात का? आणि अमोनिया तपासला होता का?

कातळकोपरा
मेमध्ये एकदा दुपारी तीनला घेतला होता, ९ आला होता. पट्टी खराब असेल म्हणून सोडून दिलं. अमोनिया त्या दिवशी सकाळी एका मित्राच्या मत्स्यालयाच्या किटवर बघितला होता, ३ च्या आसपास रंग होता. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

पाणीपारखी
दादा, तुमची पट्टी खराब नव्हती. दुपारचा ९ आणि पहाटेचा ६.५ हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि सगळं उत्तर त्या दोघांमधल्या अंतरात आहे. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता संगमेश्वर भागात बीज वाढवतो. सविस्तर लिहितो, कारण ही चूक आपल्याकडे दरवर्षी कुणाची ना कुणाची होते.

हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म वनस्पती. दिवसा त्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतात, म्हणून सामू चढतो. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळचा गाळ सगळे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू उतरतो, ऑक्सिजनही उतरतो. हे प्रत्येक तळ्यात घडतं. पण किती चढायचं आणि किती उतरायचं हे ठरवते अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटं. ती भरपूर असली की सामू ७.५ ते ८.५ मध्ये झुलतो. ती नसली की सकाळी साडेसहा आणि दुपारी नऊ.

आपल्याकडे ती नसतेच. देशावर बादलीला पांढरा थर बसतो, तिकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते. आपल्या घरी आंघोळीच्या हंड्यात वर्षानुवर्षं पाणी तापवा, आत क्षार धरत नाही. साबण अंगावरून लवकर सुटत नाही. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियम, चुना जवळजवळ नाही. वर तुमच्या तळ्याला प्लास्टिक, म्हणजे मातीचा जो काही थोडा आधार मिळाला असता तोही नाही. तुमचं पाणी हे जवळपास साठवलेलं पावसाचं पाणी आहे. माशासाठी अल्कलिनिटी लिटरला किमान २० मिलिग्रॅम हवी, ५० च्या वर असेल तर निर्धास्त. कोकणातल्या कातळावरच्या तळ्यांत मी स्वतः १० ते २० मोजलेली आहे.

आता त्या दिवसाकडे. पहाटे मासे वर आले ते आंबटपणामुळे नव्हे, ऑक्सिजनमुळे. मेमध्ये वरचं पाणी तापलेलं, तळचं थंड आणि कुजकं, दोन थर न मिसळता राहतात. थंड पाऊस कोसळला की थर ढवळले जातात आणि तळचं ऑक्सिजन नसलेलं पाणी सगळीकडे पसरतं. शिवाय आभाळ, म्हणजे ऑक्सिजन बनवणाऱ्या वनस्पती थंडावलेल्या. मृगळ वर आला म्हणजे तळाशी काही उरलं नव्हतं. त्या वेळी खाद्य बंद करून पंपानं तळ्याचंच पाणी उंचावरून फवारलं असतं तर बहुतेक निभावलं असतं.

मग चुना. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक निरुपद्रवी, दुसरं विषारी, कल्ल्यांतून थेट रक्तात शिरणारं. किट दोघांची बेरीज दाखवतं. कुठलं किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर विषारी भाग १ टक्काही नसतो. ८ ला साधारण ७ टक्के. ९ ला ४५ टक्क्यांच्या घरात. १० ला जवळपास ९०. तुमच्याकडे ३ मिलिग्रॅम अमोनिया होता आणि सकाळच्या ६.५ सामूमुळे तो झोपलेला होता. चुन्यानं त्याला जागं केलं.

तळ्यात सरासरी दीड मीटर पाणी धरलं तर ते १५ लाख लिटर. ५० किलो कळीचा चुना म्हणजे लिटरला ३३ मिलिग्रॅम. देशावरच्या पाण्यानं तो पचवला असता. तुमच्या पाण्यात त्याला अडवणारं काही नव्हतं, सामू १० च्या वर गेला असणार. मासे फिरणं, उड्या मारणं, बुळबुळ सुटणं, सगळं त्याच्याशी जुळतं.

वडिलांना सांगा, चुना वाईट नव्हता. वेळ आणि जात चुकली.

कातळकोपरा
सर, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. "झोपलेला होता" यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पुढे विचार.

तर विचारतो. जात चुकली म्हणजे काय? आणि सामू पट्टीवर ६.५ दिसला तर तो खरा आंबटपणा की रात्रीचा कार्बन डायऑक्साइड, हे ओळखायचं कसं?

पाणीपारखी
दुसरं आधी. पहाटेचं पाणी बाटलीत अर्धं भरा, सामू घ्या. मग झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा, मध्ये दोनतीनदा झाकण उघडून हवा बदला, पुन्हा सामू घ्या. ६.५ चा ७.२ झाला तर तो कार्बन डायऑक्साइड होता, हवेत निघून गेला. जिथल्या तिथे राहिला तर पाणी खरोखर आम्ल आहे.

जात म्हणजे असं. कळीचा चुना सगळ्यात तिखट, तो रिकाम्या तळ्यात, गाळ वाळल्यावर, जंतू मारायला. मासे असताना तो घरातच राहू द्या. विरवलेला चुना त्याहून थोडा सौम्य, पण मासे असताना तोही बेतानंच, पहाटे आणि थोडाथोडा. चुनखडीची बारीक पावडर किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) हे मासे असतानाचं काम. ते जेवढं पाणी आम्ल तेवढंच विरघळतं, सामू सव्वाआठच्या आसपास आला की थांबतं. उतावीळपणे जास्त पडलं तरी मासे मारत नाही.

आणि पावसाच्या ऐन दिवसांत पटकन आधार हवा असेल तर खाण्याचा सोडा. तुमच्या १५ लाख लिटरला अल्कलिनिटी २० नं वाढवायला चुनखडी पावडर ३० किलो लागते, पण ती विरघळायला दिवस घेते. तेच काम ५० किलो सोडा तासाभरात करतो आणि त्यानंही सामू सव्वाआठपुढे जात नाही.

डोंगरपायथा
थोडा विरोध करतो. पावसाळ्यात चुना टाकणं म्हणजे वाहत्या ओढ्यात साखर टाकणं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे तळ्यात बाहेरचा थेंब आला नाही तरी नुसतं आभाळातून ३ मीटर पाणी पडतं. तळं दीड मीटर. अख्खं तळं दोनदा बदललं जातं! आम्ही चार वर्षं टाकत होतो, सोडून दिलं. आता आम्ही दिवाळीत बीज सोडतो आणि मेमध्ये काढतो. पावसाशी भांडत नाही.

अनघाताई_चिपळूण
डोंगरपायथा, तुमचं गणित बरोबर आहे, पण सात महिन्यांत कटला किती वाढतो? आमच्याकडे बाजाराला किलोच्या वरचा लागतो.

आणि पाणी बदलतं ते सगळं सारखं बदलत नाही. सांडवा वरून असेल तर वरचं नवं, हलकं पावसाचं पाणीच आधी जातं. आमच्या जुन्या चिरेखाणीत मी उलट केलंय. तळापासून उभा पाइप घेतलाय आणि त्याचं तोंड वरच्या पातळीला ठेवलंय, त्यावर बाहेरून तळाशी उघडा असलेला मोठा पाइप बसवलाय. पाणी वाढलं की तळचं काळं पाणी चढून बाहेर पडतं. आधी खाणीच्या तळाशी काठी घातली तर कुजक्या अंड्याचा वास यायचा. आता काठी स्वच्छ वर येते. त्या वासाचा वायू अमोनियाच्या उलटा वागतो, सामू उतरला की जास्त विषारी. म्हणजे चुन्यावाचून राहूनही सुटका नाही.

डोंगरपायथा
उभ्या पाइपची कल्पना आवडली. पण तळचं काढलं की खालची चुनखडीही जाईल ना?

अनघाताई_चिपळूण
मी पावडर पाइपपासून लांब, पाणी आत येतं त्या तोंडाशी टाकते. आठवड्याला थोडी. एकदम नाही.

मालवणी_मुलुख
आमच्या हय कुडाळात गेल्या पावसात मृगळाच्या आंगार तांबडे फोड इले, मगे जखमो. लोक म्हणाक लागले कोणी विख घातला. कोणी विख घालूक नव्हता.

प्रमाणभाषेत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. तो लाल फोडांचा रोग होता. अॅफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, भारतात १९८८ पासून आहे. पाऊस पडून पाणी गार झालं आणि अल्कलिनिटी खाली गेली की त्याचं फावतं. आम्ल माती धुऊन आलेल्या पाण्यानं माशाची कातडी आधीच दुखावलेली असते, त्यातून तो आत शिरतो. मरळ आणि मृगळ यांना जास्त. आमच्याकडे वरच्या कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) पाणी थेट तळ्यात येत होतं. चर खणून ते बाजूला वळवलं, चुनखडी टाकली, फोड आलेले मासे काढून पुरले. भुवनेश्वरच्या सिफा या मत्स्यसंशोधन संस्थेनं काढलेलं सिफॅक्स नावाचं औषधही वापरलं. पण चर खणला नसता तर औषध वाहूनच गेलं असतं असं माझं मत.

सुपारीबाग
कुळागराचा विषय निघाला म्हणून. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

आम्ही सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. दोन वर्षांपूर्वी फवारणी झाल्यावर तासाभरात सर आली. पाणी पन्हळीतून तळ्यात. दुसऱ्या दिवशी गवत्या (ग्रास कार्प) आणि रोहू उलटे. तांबं माशाच्या कल्ल्यांना जाळतं, आणि पाणी जेवढं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, तेवढं जास्त. जड पाण्यात तेच तांबं कार्बोनेटाशी बांधलं जाऊन बरंचसं निकामी होतं. म्हणून देशावरचा माणूस शेवाळ मारायला तळ्यात मोरचूद टाकतो आणि त्याचे मासे जगतात. ते व्हिडिओत बघून आपण करायचं नाही. अल्कलिनिटी ५० च्या खाली असताना मोरचूद तळ्याजवळ नकोच.

आंबेवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तुडतुड्यावर जी सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन मारतात ती माशाला अतिशय थोड्या प्रमाणातही घातक. ती पाणी जड करून आटोक्यात येत नाहीत. पंपाची टाकी तळ्याच्या पाण्यात धुऊ नका, एवढं तरी प्रत्येकानं पाळावं.

खाडीकाठची
माझा प्रश्न बोअरच्या पाण्याबद्दल. मेमध्ये तळं आटलं की आम्ही बोअर सोडतो. पाणी वर येताना काचेसारखं स्वच्छ, दुसऱ्या दिवशी तांबूस, आणि माशांच्या कल्ल्यांवर तांबडा गाळ. पंगस टिकतो, रोहू नाही.

पाणीपारखी
ताई, ते जांभ्यातलं लोह. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो म्हणून ते विरघळलेलं आणि न दिसणारं असतं. हवा लागली की गंजतं, म्हणजे तळ्यातलाच ऑक्सिजन आणि तुटपुंजी अल्कलिनिटी खाऊन तांबडं होतं आणि कल्ल्यांवर बसतं. पंगस हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून तगतो. कल्ल्यांना त्रास त्यालाही होतोच.

बोअरचं पाणी सरळ तळ्यात सोडू नका. आधी वेगळ्या खड्ड्यात, उंचावरून, फरशीच्या किंवा चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून उड्या मारत पडू द्या. त्या खड्ड्यात दिवसरात्र राहू द्या. गंज तळाशी बसला की वरचं निवळ तळ्यात घ्या. पायऱ्यांवर तांबडा थर धरेल. तो सगळा तुमच्या माशांच्या कल्ल्यांवर बसणार होता.

कातळकोपरा
आमच्याकडे शिंपल्यांचे ढीग आहेत, मामांच्या गावातून आणता येतात. तिसऱ्या, कालवांची कवचं. ती पोत्यात भरून तळ्यात सोडली तर?

पाणीपारखी
शिंपला म्हणजे चुनखडीच. पण अख्खा शिंपला इतका हळू विरघळतो की तुमचा मासा विकून होईल. गिरणीत पिठासारखा दळून मिळाला तरच उपयोग. पूर्वी हेच शिंपले भट्टीत भाजून घरं बांधायला चुना करत. तो भाजलेला शिंपला म्हणजे कळीचा चुनाच, त्याला वर सांगितलेला नियम लागू.

नवखा_गुहागर
मी पहिल्यांदाच तळं करतोय, मातीचं. बीज सोडायच्या आधी किती चुना?

मालवणी_मुलुख
सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २०० ते ५०० किलो, म्हणजे गुंठ्याला २ ते ५ किलो. पण ती सामान्य मातीची. आपल्या मातीला याच्या दुपटीहूनही जास्त लागू शकतो. आधी मातीचा सामू तपासून घ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे विचारा. चुना पसरून पंधरा दिवस जाऊ द्या, मग बीज.

अनघाताई_चिपळूण
एक राहिलंय. मासा सुस्त आहे, ऑक्सिजन ठीक आहे, सामू ठीक आहे, तरी वर येतो, असं झालं तर एक मासा धरून कल्ला उघडून बघा. लालभडक हवा. चॉकलेटी दिसला तर नायट्राइट. अमोनिया मोडताना मध्ये ते तयार होतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही. पाण्यात ऑक्सिजन असून मासा गुदमरतो. त्याला खडे मीठ. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. दादांच्या तळ्याएवढ्या पाण्याला १५० किलो टाकलं की लिटरला १०० मिलिग्रॅम मीठ होतं, त्यात गोड्या पाण्यातल्या माशाला काही होत नाही. आम्हा कोकणवासीयांना मीठ तरी दूर नाही.

आणि हे सगळं येतं कुठून, तर खाद्यातून. एक किलो खाद्यातला बहुतेक नत्र मासा धरून ठेवत नाही, तो पाण्यातच जातो. आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी मी खाद्य निम्मं करते, दोन दिवस सूर्य दिसला नाही तर बंद. मासा दोन दिवसांत उपाशी मरत नाही.

कातळकोपरा
मंडळी, सप्टेंबर चालू आहे. सांगितल्याप्रमाणे केलं ते लिहितो.

उरलेले साडेपाचशेच्या आसपास मासे आहेत. अल्कलिनिटीचं थेंबवालं किट आणलं. काचेच्या नळीत तळ्याचं पाणी घ्यायचं, रंगाचा थेंब टाकायचा आणि दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत रंग पालटेपर्यंत टाकत जायचं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा दुसऱ्याच थेंबाला रंग पालटला. मला वाटलं चुकलं. तीनदा केलं. हिशेबानं १८ आली.

जूनअखेर ५० किलो सोडा टाकला, पहाटे, दोन हप्त्यांत. त्यानंतर दर आठवड्याला ८ किलो चुनखडी पावडर, पाणी येतं त्या तोंडाशी. कातळावरून येणारं पाणी चर काढून बाहेर वळवलं. उभा पाइप अजून झाला नाही, पाऊस ओसरला की करतो. जुलैत जोराचा पाऊस झाला तेव्हा २२ पर्यंत खाली आली, पुन्हा सोडा टाकला. काल ४४ होती. पहाटे सामू ७.१, दुपारी ७.९. अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली.

पाण्याचा रंग आता पोपटी आहे, गर्द नाही. पांढरी ताटली दोरीनं सोडली तर ३५ सेंटिमीटरपर्यंत दिसते.

डोंगरपायथा, तुमचं म्हणणं खोटं नाही. यंदा चुनखडी आणि सोड्यावर जे गेलं ते हिशेबात धरलं तर पुढच्या वर्षी तुमच्यासारखं दिवाळीलाच बीज सोडावं का, यावर आमच्या घरी बोलणं चालू आहे. मोठी बोटुकली मिळाली तर जमेल.

डोंगरपायथा
मोठी, म्हणजे शंभर ग्रॅमची, आधी वेगळ्या छोट्या टाकीत पावसाळाभर वाढवून ठेवा. छोट्या टाकीचं पाणी सांभाळायला सोडा किलोत लागतो, पोत्यात नाही. वर पत्रा टाकला तर पाऊसही नको. मी तेच करतो. फोटो उद्या टाकतो.

कातळकोपरा
जरूर टाका. वडील विचारत होते, टाकी केवढी?

डोंगरपायथा
२० फूट बाय १० फूट, कमरेएवढं पाणी. साडेतीनशे पिल्लांना पुरते, पण हवेचा पंप चोवीस तास लागतो. आणि रोज सकाळी थेंब मोजायचे.

कातळकोपरा
थेंब आता वडीलच मोजतात. मला हात लावू देत नाहीत.